थर धरलाय

पेण, ८ जुलै १९९१

चि. सखा,

थोरल्या भावाचा, दाजीचा आशीर्वाद. घ्यायचा तर घे, नाहीतर पाकिटात घालून परत पाठव. नऊ वर्षांनी लिहितोय, अक्षर ओळखू येतंय का बघ. आवडीला आणि पोरांना विचारलं म्हणून सांग. किंवा नको सांगूस, तुझी मर्जी.

इकडे गणपतीचा सीझन तोंडावर आहे, त्यामुळे रंगाच्या शेडमध्ये उभं राहायला जागा नाही. परवा जोह्याच्या बायजाबाई आल्या. पन्नास मूर्तींची आखणी, म्हणजे डोळे काढायचं काम, त्यांच्या एका हातावर होतं. माझ्या अंगरंगाचा डबा पुढ्यात आपटून म्हणाल्या, "दाजीशेट, तुमच्या रंगानं माज्या देवाच्या गालाला पुटकुल्या आल्या. डाक्टरला दाखवू का तुमाला?" बघतो तर रंग फाटलेला. सरस कमी पडला होता. नवा डबा दिला, चहा पाजला, हसवून पाठवलं.

आता कामाचं. तुमच्या कंपनीतली रिकामी पिंपं मोतीराम टेम्पोने माझ्याकडे आणून टाकतो हे तुला माहीत असेल. तो टेम्पोतून उतरायच्या आधीच बोलायला लागतो, आणि मी रंग दळणाऱ्या पॉट मिलच्या घरघरीतसुद्धा त्याचं ऐकतो. कान अजून तिखट आहेत. शनिवारी म्हणाला, "सखाला बढती मिलाली, शेट. नव्या केटलवर ऑपरेटर. नायट्रेशन." माझ्या हातात रंग ढवळायचा डाव होता तो तसाच राहिला. पुढे म्हणतो, "रोह्याची लाईट तर तुमाला म्हाईतच हाय. गेली की स्टिरर बंद. आली की बटन दाबायचा, परत चालू. काय नाय होत."

सखा, लाईट जाऊन स्टिरर थांबला, तर लाईट आल्यावर ते बटण दाबू नकोस. बाकीचं पत्र फाडलंस तरी चालेल.

का, ते घरच्या घरी बघ. एक बाटली घे. अर्धी पाण्याने भर, वर गोडंतेल ओत, बूच लावून जोरात हलव. दुधासारखं होईल. ते दूध म्हणजे तेलाचे लाखो थेंब, पाण्यात अडकलेले. आता बाटली खाली ठेव आणि एक विडी संपेपर्यंत बघत बस. थेंब थेंबाला शोधतो. दोनाचा एक होतो, त्या एकाला तिसरा येऊन चिकटतो, मोठा झाला की वर चढतो. विडी संपली की वर तेल, खाली पाणी, मध्ये रेघ मारल्यासारखी. माझ्या रंगात मी सरस घालतो म्हणून थेंब वेगळे राहतात. तुझ्या केटलमध्ये तेल आणि अॅसिड, सरस नाही. तिथे थेंबाला थेंब म्हणून ठेवणारा एकटा ढवळणारा स्टिरर.

तू म्हणशील, केटल उडून आवडीचा भाऊ काळुराम गेला त्या पाळीत दादा होता, तेव्हापासून त्याने धसका घेतलाय. तसं समज. काळुरामकडून अॅसिडचा कॉक उघडा राहिला असं चौकशीच्या कागदावर आहे, ते तुला ठाऊकच आहे. त्यात मी शिरत नाही. बटणाचं तेवढं लक्षात ठेव.

तुझा,
दाजी


पेण, १७ जुलै १९९१

सखा,

तुझं कार्ड आलं. उघडं कार्ड पाठवलंस ते बरं केलंस. पोस्टमनने वाचलं, मिलवरच्या बायकांनी वाचलं, मग माझ्या हातात आलं. "रंगवाल्यांनी रंग बघावा. केटल आम्ही बघू. साहेबांनी आम्हाला ट्रेनिंग दिलं आहे. ज्यांना आवडीच्या दारात पाय ठेवायची लाज वाटली त्यांनी आमच्या जिवाची काळजी करू नये." चार ओळी. साक्षी काढायच्या तर अख्ख्या पेणात मिळतील.

लग्नाला आलो नाही हे खरं. लाज वाटली हेही खरं. तू समजतोस ती नव्हे. नदीकाठच्या वाडीवरची मुलगी केलीस म्हणून आपल्या गावी, गडबला, लोक काय काय बोलले, त्यातलं एक अक्षर माझ्या तोंडातलं नव्हतं. तुझ्या वाडीच्या मांडवात काळुरामची आई बसलेली असणार, हे मला दिसत होतं. माझ्या हाताखालचा तिचा मुलगा तिथे नव्हता आणि मी जेवायला बसणार होतो. मला ते जमलं नाही. एवढंच आत्ता पुरे.

ट्रेनिंगमध्ये साहेबांनी गरमी दाखवणाऱ्या काट्याचं सांगितलं का? मी सांगतो. स्टिरर चालू असताना तेलाचा प्रत्येक थेंब वेगळा असतो आणि त्याला कातडी असते. अॅसिड त्या कातडीवरच काम करतं. थोडं थोडं. जी गरमी होते ती बाहेरून फिरणारं गार पाणी घेऊन जातं. म्हणून वरून अॅसिड सोडायचं तेही थेंबाथेंबाने. सगळा धंदा घाई न करण्याचा.

स्टिरर थांबला की थेंब एक होतात. वर तेलाचा थर, खाली अॅसिडचा. दोघांची गाठ पडते ती फक्त मधल्या रेघेवर. मग काम थांबतं, आणि काटा खाली येतो. ऑपरेटर काय म्हणतो? बरं झालं, थंड झालं. वरचा कॉक उघडा राहिला असेल तर अॅसिड येतच असतं, आणि खाली जाऊन गुपचूप साठतं. आता लाईट आली. बटण दाबलं. अर्ध्या तासात थेंबाथेंबाने व्हायचं ते एका मिनिटात होतं. गार पाणी कितीसं पुरणार? सखा, तो काटा मग वर चढत नाही, उडतो.

कॉकबद्दल एक दुरुस्ती. मागच्या पत्रात कागदावरचं लिहिलं. कागदावरचं खोटं आहे. काळुराम कॉकपाशी सापडला म्हणून त्यांनी लिहिलं की याने उघडा ठेवला. तो बंद करायला गेला होता. लाईट गेल्याबरोबर कॉक बंद करणं ऑपरेटरचं काम. ऑपरेटर मी होतो. मला वाटलं येईल पाच मिनिटांत, कशाला हलवा. तो हेल्पर असून जिना चढून वर गेला. चौकशीत मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "मी खाली होतो, मला दिसलं नाही." खाली होतो हे खरंच होतं.

हे आवडीला सांगायचं का ते तू ठरव.

आणखी एक. तुमच्या केटलखाली पाण्याची मोठी टाकी आहे ना? काही बिनसलं तर सगळा माल त्या पाण्यात सोडून द्यायचा, तिचा उपयोग तोच. मोतीराम म्हणतो, तिच्या कॉकची मूठ साहेबांच्या खणात असते. मागे कुणी चुकून कॉक उघडला, माल वाया गेला, तेव्हापासून. खरं आहे का? खरं असेल तर तू पेटत्या घरात बसलायस आणि दाराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे. उत्तर दे. कार्ड चालेल.

दाजी


पेण, २५ जुलै १९९१

सखा,

उत्तर नाही. ठीक आहे.

सोबत मोतीरामबरोबर एक मूठ पाठवतोय. त्याने सुतळीने माप आणलं, इथल्या लेथवाल्याकडून मी पोलादाची करून घेतली. लेथवाला विचारत होता, "शेट, ही कुठल्या मशीनची?" म्हटलं, "घरची आहे." कॉकवर बसते का ते साहेब जेवायला गेले की बघून घे, आणि मग स्वतःच्या कमरेला ठेव. कुणाच्या खणात नको.

परवापासून रोज एकदा तरी लाईट जाते आहे. इथे गेली की मला कळायला बल्ब बघावा लागत नाही. पॉट मिलच्या पोटातले दगड फिरता फिरता खाली बसतात, त्याचा एक आवाज आहे. तो आला की माझा हात कपाळाला जातो. शेडमधल्या बायका हसतात, "शेटना लाईटबिल आठवला."

तू अजून माझं ऐकत नाहीस, आणि का ऐकत नाहीस ते मला कळतंय. ज्याला त्या केटलबद्दल इतकं माहीत आहे त्याला ते कसं माहीत, हे मी पुरतं लिहिलेलं नाही. तेरा वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या वहिनीलाही नाही.

बटण मी दाबलं.

साल अठ्ठ्याहत्तर, दुपारची पाळी. लाईट जाऊन वीस मिनिटं झाली होती. काटा खाली आला होता, मी खूश होतो. लाईट आली. मी पॅनलपाशी होतो. हिरवं बटण अंगठ्याने दाबलं. स्टिरर घरघरला आणि मग त्याचा सूर बदलला. दाट कालवण घोटताना रवीचा सूर बदलतो तसा. तेवढ्यात मला कळलं. लाल बटणाकडे हात नेला, पण वरून झाकण उडालं. पॅनल जिन्याखाली होतं म्हणून माझे नुसते केस जळले. तो वर होता.

तिसऱ्या दिवशी काळुराम इस्पितळात वारला. मी नोकरी सोडली, पेणला आलो, एका डब्यापासून रंग करायला लागलो. लोक म्हणतात दाजीने स्वतःच्या हिमतीवर केलं. मी हसतो. लोकांना हसणारा माणूस आवडतो.

आता लिही, की या माणसाला काही कळत नाही. लाईट गेली की: वरचा कॉक बंद. गार पाणी चालू. बटणाला हात नाही. माणसं गेटबाहेर. लवकर येईल असं वाटलं तरी थांबायचं नाही, माल खालच्या पाण्यात सोडायचा. साहेब ओरडतील. ओरडू देत.

हे पत्र आवडीला दाखवू नकोस.

वर लिहिलं ते खोडत नाही, पण दाखव. तिन्ही दाखव.

दाजी


पेण, १ ऑगस्ट १९९१

सखा,

काल दुपारी सव्वातीनला इथे दगड खाली बसले.

मी उठलो. शेडमध्ये इतकं शांत झालं की बाहेर हायवेवरच्या एस.टी.चा गिअर ऐकू येत होता. कळतं मला, पेणची लाईट गेली म्हणून रोह्याची गेलीच असं नाही. तरी समोरच्या दुकानातून तुमच्या कंपनीला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. दुकानदार म्हणाला, "दाजीशेट, तिकडं कोन आजारी हाय का?" मी म्हटलं, "अजून नाय."

तीन पस्तीसला मिल पुन्हा फिरली. ती मी बंद केली. मला दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. इथून चाळीस किलोमीटरवरचं काय ऐकू येणार? पण मी दारात उभा राहून ऐकत होतो.

मोतीराम सहाला आला. टेम्पोतून उतरेपर्यंत एक शब्द बोलला नाही. मी पिंपावर बसलो. मग तो म्हणाला, "जिवंत हाय शेट. समदे जिवंत हायत."

मग पुढचं सांगितलं. लाईट गेल्याबरोबर तू वरचा कॉक फिरवलास. हेल्परांना गेटकडे पळवलंस. साहेब खालून ओरडले, "आत्ता येईल लाईट, मालाला हात लावू नकोस!" लाईट आली तेव्हा ते पॅनलकडे निघाले, तर तू त्यांच्या आणि बटणाच्या मध्ये उभा राहिलास. आणि कमरेची मूठ काढून खालचा कॉक उघडलास. टाकीतून पिवळा धूर आला, पाणी फुसफुसलं, साहेबांनी शिव्या घातल्या. तेवढंच झालं. केटल जागेवर, छप्पर जागेवर. माल गेला. तुला घरी बसवलंय.

बसवू देत. घरी बसलाय हे वाक्य किती चांगलं आहे ते तुला कळायला माझं वय लागेल. साहेबांनी काढलंच तर रंगाच्या शेडमध्ये ये. इथे सगळ्यात मोठा अपघात म्हणजे बायजाबाई.

मूठ परत मागतोय असं समजू नकोस.

दादा


पेण, १२ ऑगस्ट १९९१

आवडी,

हे पत्र सखासाठी नाही, तुझ्यासाठी आहे. तो वाचून दाखवेल, त्याला सगळं वाचायला सांग.

काल तू माझ्या शेडमध्ये आलीस. उंबऱ्याच्या आत आलीस पण बसली नाहीस. मी पाणी आणायला सांगितलं, तू म्हणालीस, "पानी नको." पंधरा-वीस माणसं काम करत होती, सगळ्यांचे हात थांबले. मी मोठ्याने म्हणालो, आमच्या घरची आहे, काम करा. तू त्याच्याकडेही लक्ष दिलं नाहीस.

तू म्हणालीस, "सखानं तिन्ही पत्रं वाचून दाखवली. मला एकच इचारायचा हाय, दाजीदा."

दाजीदा. तुमच्या घरातला दुसराच माणूस, काळुराम, मला या नावाने हाक मारायचा. तिथंच मी अर्धा मेलो.

"माजा भाऊ वर होता, केटलात बघायच्या काचेपाशी. आत काय झालाय ता त्याला दिसत व्हता. तो गप ऱ्हानारा नव्हता. आनि तुमचे कान तर समद्या पेणात गाजल्यात. त्यो काय बोलला?"

मी म्हणालो, "मशीनचा आवाज होता गो. काही ऐकू आलं नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. हिशेब चुकलेल्या पोराकडे बघावं तसं. म्हणालीस, "लाईट नव्हती ना? मग आवाज कसला?"

आणि गेलीस. रोह्याची गाडी स्टँडवर लागली होती. ती गिअरमध्ये पडलेली मी इथून ऐकली.

खरं आहे. लाईट नव्हती. वीस मिनिटं सगळा कारखाना गप्प होता. पंखा नाही, पंप नाही, पलीकडच्या झाडावरचा कावळासुद्धा ऐकू येत होता. लाईट आली ती आधी दिव्यांत आली. मशीन सुरू व्हायला बटण लागतं. माझा अंगठा बटणावर होता तेव्हा कसलाही आवाज नव्हता.

काळुराम वरून बोलला. दोनदा बोलला. ओरडलाही नाही, इतकं शांत होतं.

पहिल्यांदा म्हणाला, "दाजीदा, दाबू नको."

मग म्हणाला, "थर धरलाय. आपल्या नदीवर कंपनीचं तेल येतं ना, तसा वर येऊन बसलाय."

मी शब्द न शब्द ऐकलं. तो नदीत मासे धरत मोठा झाला होता. पाण्यावर तेलाने थर धरला की खाली काय चाललंय ते वरून कळत नाही, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. काचेतून त्याने एकदा बघितलं आणि साहेबांना, मला, चौकशीवाल्यांना जे नंतर कळलं ते त्याला आधी कळलं.

आणि माझ्या मनात काय आलं, तेही लिहितो. माझ्या मनात आलं, हा वाडीवरचा. केटल बघायला लागून याला चार महिने झाले. आता हा मला शिकवणार.

आणि मी दाबलं.

सखा नऊ वर्षं म्हणत होता की दादाने जात बघितली. मी नऊ वर्षं मनात म्हणत होतो की याला काही माहीत नाही, लग्नाला न येण्याचं कारण वेगळंच आहे. त्याला मी लिहूनसुद्धा कळवलं. कारण वेगळं नव्हतं, आवडी. मी जात बघितली, ती मांडवाच्या चार वर्षं आधी, पॅनलपाशी. तेवढ्यापुरती. एका अंगठ्याएवढी.

तू विचारलं नसतंस तर हे मी सोबत घेऊन गेलो असतो. सखाला वाचवायला बटणापर्यंतचं सांगणं पुरेसं होतं, म्हणून तेवढंच सांगितलं.

तुझ्या आईला तेरा वर्षं लोक सांगत आले की तुझा मुलगा कॉक विसरला. ती मान्य करून बसली असेल. रविवारी सकाळच्या गाडीने मी वाडीवर येतो. तुम्ही दारात उभं केलंत तर दारात उभा राहीन. तो विसरला नव्हता, त्याला दिसलं होतं, त्याने सांगितलं होतं आणि मी ऐकलं होतं, हे मी तिला सांगणार आहे. सखाने किंवा तू माझ्या वतीने सांगायचं नाही.

तिला आता कमी ऐकू येतं, असं मोतीराम म्हणाला. मी मोठ्याने बोलेन. वाडीला ऐकू गेलं तरी चालेल.

दाजी